बारोलो उघडण्याआधी

प्रिय मंदार,

२०१९ची बारोलो, म्हणजे ती इटालियन रेड वाइन, शनिवारी उघडतोयस ना? मग हे शुक्रवारच्या आत वाच.

ग्लासात ती फिकी दिसेल, कडेला विटकरी झाक असेल. बिघडली असं समजू नकोस. बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची करतात. त्याच्या सालीत रंग कमी, तुरटपणा मात्र भरपूर. म्हणून इटलीतल्या पिएमोन्ते या तिच्या प्रांतात ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात.

बाटली शुक्रवारी रात्री फ्रीजमध्ये उभी ठेव, म्हणजे असेल तो गाळ तळाशी बसेल. जेवणाआधी दोन तास डिकँटरमध्ये हळूहळू ओत. साधा काचेचा जगही चालेल. एवढ्या वेळात तिला हवा लागते आणि ती १६ ते १८ अंशांवर येते. एसी मात्र लाव. वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे, पुण्याच्या उन्हाळ्यासाठी नाही. गरम झाली की नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं. फार गार राहिली तर वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो. लेबलवर सेर्रालुंगा गावाचं नाव असेल तर मी तीन तास देईन. तिथली माती घट्ट, वाइनही ताठ. ला मोर्रा गावची बहुधा मऊ असते.

ग्लास एक तृतीयांशच भर. न हलवता एकदा वास घे, मग गोल फिरवून पुन्हा. गुलाब, सुकलेली चेरी, ज्येष्ठमध, आणि खाली कुठेतरी डांबर. गुलाब आणि डांबर एकाच ग्लासात, हेच मला या द्राक्षाचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र बुचाचा दोष आहे. तो हवा लागून जात नाही, बाटली परत दे.

घोट हिरड्यांवरून फिरव. कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड कोरडं पडेल, कारण तुरट द्रव्यं लाळेतली प्रथिनं धरून बसतात. म्हणूनच ती नुसती पिऊ नये, सोबत मांस किंवा चीज हवं. पिएमोन्तेत मंद शिजवलेलं बीफ किंवा लोणी घातलेल्या तायारिन शेवया असतात. तू कमी तिखटाचं मटण कर, नाहीतर लोण्यात परतलेले मशरूम आणि पार्मेजान. तांबडा रस्सा नको; तिखटाने अल्कोहोलची आग आणि तुरटपणा दोन्ही भडकतात.

उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेव. रविवारी ती कदाचित जास्त मोकळी लागेल.

तुझा,
सुहास