अण्णांच्या बागेतले खांब

जळगाव, ५ मार्च

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या अण्णांनी टेम्पोत घालून दिलेले केळीचे खांब कामी आले! फोनवर सांगून भागलं असतं, पण तुला सविस्तर लिहावंसं वाटलं.

केळीला घड एकदाच येतो. तो उतरवला की खांब बिनकामाचा. पाच बाय पाच फुटांवर लागण धरली तरी एकरी सतराशेच्या वर खांब, आणि ते बांधावर कुजताना आपण लहानपणापासून बघतोय. त्याच्याच सोपटात आई गजरे ओवायची. ओलं सोपट कितीही ओढलं तरी तुटायचं नाही, आठवतं? तो धागा मी पीएलएत घालतेय. पीएलए म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल काढून केलेलं प्लास्टिक. कडक असतं, पण वाकवलं की काडकन मोडतं.

पहिल्या खेपेला धागा नुसता धुऊन घातला. पट्टी साध्या पीएलएच्याही आधी मोडली. मोडलेली कड भिंगाखाली धरली, तर धागे अख्खेच्या अख्खे उपसून आलेले आणि त्यांच्या जागी गुळगुळीत भोकं, भिंतीतून खिळा उपटल्यासारखी. धागा तुटलाच नव्हता रे, प्लास्टिकने त्याला धरलंच नव्हतं! त्याच्यावर मेण, पेक्टिन, लिग्निन यांचा लेप असतो, पकड बसणार कशी?

मग तो लेप काढायला धागे ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चार तास ठेवले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. (मर्सराइज्ड सूत म्हणतात ना, ते याच जातीच्या प्रक्रियेतून निघतं. जॉन मर्सरने १८५० मध्ये तिचं पेटंट घेतलं.) जास्त वेळ ठेवलं तर धागाच कमजोर होतो. नंतर लिटमस बदलेनासा होईपर्यंत धुतले आणि ८० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर वाळवले. वाळवण्यात कसूर चालत नाही. ओल राहिली की १८० अंशांवर वितळलेल्या पीएलएत तिची वाफ होते, बुडबुडे धरतात, आणि पाण्याने पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्याही तुटतात. एक अख्खा घाणा माझ्या घाईने वाया गेला, फार वाईट वाटलं.

आता धागा बोटांना खरखरीत लागतो. नव्या पट्टीत बहुतेक धागे कडेशीच तुटलेत. म्हणजे प्लास्टिकने धरून ठेवलं! पट्टी वाकवायला चांगलाच जोर लागतो. आपटली तर मात्र अजून मोडते, ते काम बाकी आहे.

टिश्यूकल्चरची रोपं काळ्या पिशव्यांतून येतात ना, त्यांच्या जागी मला याची कुंडी हवीय. पण पीएलए बांधावर टाकून कुजत नाही, त्याला साठेक अंश तापलेला कंपोस्टचा ढीग लागतो. म्हणून कुंड्या परत गोळा कराव्या लागतील, आणि हे शेतकऱ्याला आधीच सांगायला हवं. कुंडीवर नुसतं ‘विघटनशील’ छापून मोकळं होणं मला पटत नाही.

पुढची कापणी कधी आहे ते अण्णांना विचारून कळव. खांब ताजे असतानाच धागा काढावा लागतो. बाहेरच्या सोपटाचा धागा जाड, आतल्याचा पांढरा आणि नाजूक. या वेळी दोन्ही वेगळे ठेवून बघणार आहे.

काकूंना नमस्कार.

तुझी,
वैशाली