सनावळीला अर्थ देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी फक्त तुम्हालाही पाठवू शकले असते. पण अकरावीला इतिहास घ्यावा की नाही या विचारात पडलेल्या मुलामुलींच्या नजरेलाही ते पडावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी इतिहास निवडला तेव्हा जो तो एकच विचारायचा, "इतिहास घेऊन पुढे काय करणार?" तुम्हालाही मी तेच विचारलं. तुम्ही गोड बोलून माझी समजूत घातली नाहीत. वाचन भरपूर असेल, एकेका प्रश्नाला पानंच्या पानं लिहावं लागेल, लिहिलेलं प्रत्येक विधान आधार देऊन पटवावं लागेल, एवढंच सांगितलंत. "हे आवडणार असेल तर ये." विषयाची खरी ओळख इतक्या सरळपणे करून दिल्याबद्दल आधी आभार मानते.

"इतिहास म्हणजे काही सनावळ्या नव्हेत" हे वाक्य पुढे मी कितीतरी जणांकडून ऐकलं. तुमच्या तोंडून मात्र कधीच नाही. तुम्ही तारखांच्या बाबतीत भारी कडक होतात, आणि का ते पहिल्या महायुद्धाच्या धड्याला कळलं. पाठ्यपुस्तकात कारणं ओळीने छापलेली होती: लष्करवाद, करारांचं जाळं, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद आणि शेवटी सारायेव्होतला खून. तुम्ही पुस्तक मिटायला लावलंत, फळ्यावर एक उभी रेघ मारलीत, वर '२८ जून १९१४' आणि खाली '४ ऑगस्ट' लिहिलंत. पहिल्या तारखेला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला, दुसरीला ब्रिटन युद्धात उतरलं. मग विचारलंत, "मधल्या दिवसांत काय चाललं होतं?"

वर्गात कोणालाच सांगता येईना. मग एकेक नोंद त्या रेघेवर चढत गेली. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा शब्द दिला. तरी ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यातल्या हंगेरीचे पंतप्रधान टिसा जुलैच्या मध्यापर्यंत सर्बियावर लष्करी कारवाई करायला राजी नव्हते; ऑस्ट्रिया खुनाचा दोष सर्बियाला देत होता. बरेच सैनिक सुगीच्या रजेवर होते. फ्रान्सचे अध्यक्ष रशियाच्या भेटीवर गेलेले, ते परत निघेपर्यंत थांबायचं ठरलं. सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला तो २३ जुलैला, ४८ तासांच्या मुदतीचा. आणि २९ जुलै! सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाच्या झारने, म्हणजे सम्राटाने, सार्वत्रिक सैन्यजमवाजमवीचा हुकूम दिला, त्याच रात्री मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. तिथे तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "युद्ध अटळच होतं असं ज्यांना लिहायचंय त्यांनी खुशाल लिहावं. पण या रात्रीचं काय करायचं तेही लिहावं."

तारखा पाठ असणं आणि तारखांच्या जोरावर वाद घालता येणं यातलं अंतर मला त्या तासाला उमगलं. खुनानंतर लगेच युद्ध झालं असं धरून चाललं की सगळं आपोआप घडल्यासारखं वाटतं. मधले दिवस मांडले की माणसं दिसायला लागतात, थांबणारी, घाई करणारी, मुद्दाम वेळ काढणारी. जबाबदारी कोणाची हा प्रश्न तेव्हाच विचारता येतो. १९६१ साली फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने तो नव्याने विचारला आणि जबाबदारीचा मोठा वाटा जर्मनीच्याच पदरात टाकला, तेव्हा त्यांच्या देशात केवढा गदारोळ उठला हेही तुम्हीच सांगितलंत. परीक्षेत ते येणार नव्हतं. तरी तुम्ही त्यावर अख्खा तास दिलात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

साधनं वाचायची कशी, हेही असंच शिकवलंत. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या रोजनिशीत १४ जुलै १७८९ या दिवशी, म्हणजे क्रांतीत बॅस्टिलचा तुरुंग पडला त्या दिवशी, 'काही नाही' एवढीच नोंद आहे हे ऐकून वर्ग हसला. तुम्ही हसू दिलंत. मग सांगितलंत की ती वही मुख्यतः शिकारीच्या नोंदींची होती. त्या दिवशी शिकार झाली नाही, इतकाच त्याचा अर्थ. "मग या नोंदीवरून राजा बेफिकीर होता असं ठरतं का?" आम्ही एका सुरात नाही म्हणालो. "आणि बेफिकीर नव्हता असं?" यावर मात्र सगळे गप्प. कागद कोणी लिहिला, कधी, कशासाठी हे विचारायचं. आणि जे तो कागद सांगतच नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही. आमच्या निबंधांच्या समासात तुमच्या पेन्सिलीने बारीक अक्षरात 'कशावरून?' लिहिलेलं असायचं. चांगल्या मुद्द्यांपुढेही असायचं, आणि तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मुद्दा आवडला म्हणून तुम्ही कोणाला पुराव्यातून सूट दिली नाहीत.

आज माझ्या कामाचा इतिहासाशी थेट संबंध नाही. मी चौकशीचे अहवाल लिहिते. काही बिघडलं की चारही बाजूंनी कागद येतात आणि प्रत्येकाची कहाणी आपापल्या जागी पटणारी असते. अशा वेळी मी आधी एक उभी रेघ मारते आणि कोणाला काय कधी कळलं ते तारीखवार लिहून काढते. पत्र आधीचं की निर्णय आधीचा, एवढं नक्की झालं तरी निम्म्या कहाण्या गळून पडतात. इतिहास घेऊन पुढे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे, आणि ते तुमच्यामुळे आहे.

माझ्या भाचीने यंदा इतिहास घेतला आहे. ती जुलै १९१४ची रेघ मी तिला काढून दाखवली. तिने लगेच विचारलं, की ब्रिटनने आपण काय करणार हे आधीच स्पष्ट सांगितलं असतं तर जर्मनी थांबला असता का? आम्ही दोघी त्यावर बराच वेळ भांडलो. तिला हा प्रश्न तुमच्यासमोर मांडायचा आहे. तुम्हाला सवड असेल त्या दिवशी तिला घेऊन भेटायला येऊ का?

तुमची विद्यार्थिनी