तुझी डस्टर सापडली

कोल्हापूर
२२ नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,

तुमच्या घरचे काका गेल्यानंतर तुझे दोन फोन येऊन गेले, एक लांबलचक मेसेजही आला, आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. काय बोलावं कळेना म्हणून आधी राहिलं, मग राहिलं याची लाज वाटून आणखी राहिलं. दीड वर्ष झालं. शिव्या घालायच्या त्या पत्र संपल्यावर घाल. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे. तुझी वहिनी मजेत.

आता लिहायचं कारण. गेल्या रविवारी मी तुझी रेनोची डस्टर गाडी बघितली. तसली नव्हे, तुझीच. तोच नंबर, ज्याची बेरीज नऊ यावी म्हणून काकांनी आरटीओत जादा पैसे भरले होते आणि वर्षभर घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

झालं असं, की आमच्या वॅगन-आरनं बावड्याच्या वाटेवर यंदा दोनदा पोट घासून घेतलं. शेताकडचा शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता आता रस्ता राहिलेला नाही, ओढ्यानं तो स्वतःच्या नावावर करून घेतलाय. उंच गाडी पाहिजे आणि खिशात साडेतीन लाख, तेही ओढूनताणून. बोलेरो बघतो म्हटलं तर तुझी वहिनी म्हणाली, "का, आपल्याकडे पंचायत समिती निघाली काय?" म्हणून हायवेकडच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात गेलो. दोन डिझायर आणि एका दमलेल्या इनोव्हाच्या मधे ती उभी. चंदेरी. पुढच्या काचेला ‘डॉक्टर यूज्ड’ असं चिकटवलेलं. लेका, या जिल्ह्यात डॉक्टरांनी जेवढ्या गाड्या वापरल्या तेवढे पेशंट तपासले असते तर माझी शुगर कधीच उतरली असती.

मी गप्प राहिलो. तुला माहीत आहे, मला गप्प राहणं जमत नाही. पण राहिलो. आत बसलो. डॅशबोर्डवर काकांच्या जोतिबाची जागा अजून गोल दिसते, तेवढाच गोल काळा, बाकी सगळं उन्हानं फिकं. यार्डातला पोरगा आरसे फिरवून दाखवायला गेला आणि त्याला कळ सापडेना. दारावर शोधतोय, स्टीअरिंगपाशी शोधतोय. माझा हात आपोआप हँडब्रेकच्या दांड्याखाली गेला आणि आरसा फिरला. पोरगा बघतच राहिला. "साहेब, तुमच्याकडं होती काय आधी?" म्हटलं, मित्राकडे होती. खोटं नव्हतं.

मग मालक आला आणि त्यानं गाडीचं पुराण सुरू केलं. सांगलीच्या डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड, अडुसष्ट हजार किलोमीटर, एक खरचटा नाही, कंपनीचा ओरिजिनल पेंट. असं म्हणत त्यानं मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर हात थोपटला. संज्या, आंबोली! त्याच पत्र्यावर! मला हसू आवरेना, मी शिंक आल्यासारखं केलं.

आता एकेक सांगतो. अडुसष्ट हजार. तू २०१८ च्या ऑगस्टमध्ये गाडी विकायला काढलीस तेव्हा आपल्या ग्रुपवर मीटरचा फोटो टाकला होतास. मी जुना फोन चार्जिंगला लावून तो शोधून काढला. ब्याऐंशी हजार तीनशे चाळीस. म्हणजे सात वर्षांत गाडी चौदा हजार किलोमीटर उलटी गेलीय. आपलं वय असं कुणी मागं फिरवून देत असेल तर मी टोकन द्यायला तयार आहे. सिंगल हँड म्हणावं तर सरकारच्या एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला, मालक क्रमांक तीन. तू पहिला, तुझ्याकडून घेतलेले ते चष्मेवाले दुसरे, आणि हे डॉक्टर तिसरे, असलेच तर.

म्हणजे खरी किती फिरलीय ते कुणालाच माहीत नाही. ब्रेक पेडलचं रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत झालंय, स्टीअरिंगचं कव्हर नवं कोरं, आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू बसून गेलीय. अडुसष्ट हजाराला एवढं होत नाही. मी मनात दीड लाख धरून चाललोय.

बुधवारी बापू मिस्त्रीला घेऊन गेलो. बापू अजून तसाच, तंबाखू सुटली पण थुंकायची सवय राहिली. आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगितलं होतं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेलो तर बॉनेट कोमट. बापू काही बोलला नाही, नुसता हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग आम्ही समोरच्या गाड्यावर चहा, वडा आणि परत चहा करत दोन तास काढले. त्यानंतर थंड इंजिनावर स्टार्ट मारला. एका झटक्यात घेतला, धूर नाही. ऑइलचं झाकण उघडलं, चालू इंजिनावर थोडी वाफ आली, बापू म्हणाला एवढी चालतेय. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा ओलावा, तोही वयाप्रमाणे. टायरवरचे चार आकडे १५१९, म्हणजे २०१९ सालचा पंधरावा आठवडा. नक्षी भरपूर आहे, पण रबर चिरलंय. चारी टायर गेले समज. क्लच वर उचलतोय, तो पण गेला.

कंपनीनं हे मॉडेल बनवायचं बंद केलंय त्याचं काय, हे मी बापूला विचारलं. माझी मोठी भीती तीच होती. त्याचं म्हणणं, नाव बंद झालं, इंजिन कुठं बंद झालंय? १४६१ सीसीचं हेच डिझेल निसानच्या टेरानोत, सनीत, मायक्रात, रेनोच्याच लॉजीत. सगळ्या बंद झालेल्या, पण रस्त्यावर एवढ्या पडल्यात की फिल्टर, इंजेक्टर, क्लच प्लेट बाजारात मिळतेय. डिझेल १ एप्रिल २०२० ला धुराचा बीएस-सिक्स नियम आला तेव्हाच गेलं, पेट्रोलवाली २०२२ पर्यंत तग धरून होती. अडेल ते हेडलाइट, बंपर, दाराच्या आतलं प्लास्टिक असल्या गोष्टींना. "ठोकू नका म्हणजे झालं," असं तो माझ्याकडे बघून म्हणाला. त्याला आंबोली माहीत आहे काय रे? मी कधी सांगितलेलं नाही.

आणि हो, पंच्याऐंशी हॉर्सपॉवरवालीच बरी. घे, लिहून दिलं. तू शोरूममध्ये पंच्याऐंशी बुक केलीस तेव्हा मी एकशे दहासाठी तुझं डोकं खाल्लं होतं, सहा गिअर, ताकद, घाट, काय काय. आता बापू म्हणतो, साधा टर्बो आहे, उद्या खर्च निघाला तरी हलका जाईल. बारा वर्षांनी का होईना, तू जिंकलास. हे वाक्य कापून ग्रुपवर टाकू नकोस.

खरी भीती पाण्याची होती. गाडी सांगलीची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, तेव्हा ही गाडी कुठं उभी होती हे कोण सांगणार? पाण्यात बुडालेली गाडी वरून धुऊन पुसून नव्यासारखी होते आणि दोन-तीन वर्षांनी वायरिंगमधून एकेक देणं वसूल करते. बापूनं चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. एरवी गुंडाळलेला राहतो त्या भागात गाळाची रेष राहते म्हणे. रेष नाही. पण त्याचं समाधान होईना, बेल्ट धुता येतात.

तेव्हा मला आठवलं. सावंतवाडीच्या गॅरेजचं बिल! काकांना दिसू नये म्हणून तू ते कुठं कोंबलं होतंस? ड्रायव्हरच्या सीटखाली, कार्पेटच्या आत, पट्टीच्या बाजूला. मी बापूला म्हटलं, इथलं कार्पेट उचल. तो म्हणाला, तेच उचलायला निघालोय, तुला कसं कळलं? पक्कडीनं कार्पेट वर केलं, खाली लाल धूळ, एक दोन रुपयाचं नाणं, शेंगांची टरफलं, आणि चारपदरी घडी घातलेला गुलाबी कागद. घडीवर थोडा चिरलाय, बाकी जसाच्या तसा. डेंटिंग, पेंटिंग, मजुरी, आणि खाली गॅरेजचा जांभळा शिक्का. बापूनं तो कागद उन्हात धरला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही शाई पाण्यात टिकत नाही. गाडी भिजलेली नाही." कनेक्टर बघितले, सीटचे बोल्ट बघितले, कुठंही गंज नाही. असला पुरावा कुठल्याच यार्डात मिळायचा नाही.

बिल चार हजार आठशेचं आहे. ‘रोख मिळाले’, पुढे तुझं नाव. संज्या, मी गेली दहा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय की अर्धे पैसे मी दिले होते. तुझ्या तोंडावरही सांगितलं. मला खरंच तसं आठवत होतं.

आणि त्याहून वाईट ते दुसरं. २०१८ ला तू मला पावणेपाच लाखांत गाडी देत होतास. "तूच घे, काकांना बसायला तरी मिळेल," असं म्हणाला होतास. आणि मी काय केलं? तोच पत्रा थोपटून म्हटलं, गाडी अॅक्सिडेंटल आहे, सव्वाचार. मी ठोकलेली गाडी, लेका! आंबोलीत स्टीअरिंगवर मी, कठड्याला घासली मी, डेंटिंगचे पैसे तुझे, आणि पन्नास हजार पाडायला तोच पोचा मला कामाला आला. तू तेव्हा भांडला नाहीस. नुसतं "बरं" म्हणालास आणि चार दिवसांनी चष्मेवाल्यांना पाच लाख दहाला विकलीस. मला वाटलं तू पैशाला भुललास. तसं मी बोलूनही दाखवलं बहुतेक. नंतर काका मला दोनदा रस्त्यात भेटले, दोन्ही वेळा रिक्षात.

परवा तो मालक त्याच पत्र्यावर हात थोपटून "एक खरचटा नाही" म्हणत होता, आणि मला तोंड उघडता येईना. उघडून काय सांगू? मला कसं माहीत ते?

असो. हिशेब सांगतो. मालक तीन लाख चाळीस म्हणतोय. बापूचा आकडा अडीच, कारण वर साठ-सत्तर हजारांचं काम आहे: टायर, क्लच, सस्पेन्शनचे बुश, टायमिंग बेल्ट आणि त्याबरोबर वॉटर पंप. आरसी डिसेंबर २०२८ ला संपते, पुढे फिटनेस दाखवून पर्यावरण कर भरून वाढवायची. विमा मिळेल, पण पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवायची आणि घसारा न कापणारं झीरो डेप कुणी द्यायचं नाही. म्हणजे तीन वर्षांसाठी सव्वातीन लाख. ओंकार म्हणतो, बाबा, यात हप्त्यावर नवी छोटी गाडी येते. बरोबर आहे त्याचं. छोटी गाडी त्या ओढ्यात उतरत नाही हेही त्याला माहीत आहे, पण तो शेताकडे येतच नाही.

मीटरचा फोटो मालकाला दाखवायचा की नाही, यावर तीन दिवस घरात चर्चा चालू आहे. तुझी वहिनी म्हणते दाखवा आणि सरळ पोलिसात जातो म्हणा. बापू म्हणतो दाखवा पण हसत हसत, आकडा आपोआप खाली येतो. मी सोमवारी बापूच्या पद्धतीनं जाणार आहे. दोन साठपर्यंत आला तर घेणार. फॉर्म २९ आणि ३० वर डॉक्टरांची सही आधीच घेऊन ठेवलीय म्हणतो, मी म्हटलं, डॉक्टर समोर बसवा. डॉक्टर असतील तर येतील.

तुझं काय? अन्वीची जर्मनची परीक्षा झाली का? वहिनींच्या पाठीचं काय झालं? तुझ्याकडे तिकडे युरोपात म्हणे हीच गाडी डाचिया नावानं फिरते आणि दर दोन वर्षांनी ती तपासणीला न्यावी लागते. तिथं कुणी मीटर मागं फिरवतं काय, विचारून ठेव. आणि मेच्या सुट्टीत येणार असशील तर हॉटेल बुक करू नकोस.

आता एकच विचारायचंय, आणि खरं सांग. चष्मेवाल्यांना गाडी देताना तू म्हणाला होतास की टायमिंग बेल्ट बदललाय. मी शेजारीच उभा होतो. बदलला होतास, की विकायची म्हणून म्हणालास? बापू म्हणतो, बेल्ट किलोमीटरनंच नाही, वर्षांनीही म्हातारा होतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच उघडावं लागतं. घेतल्या घेतल्या मी तो बदलणारच आहे. पण यार्डातून बापूच्या गॅरेजपर्यंत अकरा किलोमीटर आहेत, आणि ते चालवत न्यायचे की टोइंगनं, हे तुझ्या उत्तरावर आहे. सोमवारच्या आत कळव.

तुझा,
दिप्या

ता. क. मालकाकडे एकच किल्ली आहे. दुसरी नवी करायची तर इमोबिलायझरचं कोडिंग आलं, म्हणजे पुन्हा खर्च. चष्मेवाल्यांनी तेव्हा तुला तीनदा फोन केला होता दुसऱ्या किल्लीसाठी, आणि तू ‘शोधतो’ म्हणाला होतास. तुझ्या त्या टेबलाचा खालचा ड्रॉवर एकदा बघ ना.