कॉम्प्रेसर वीसचा, मीटर दाखवतो सहा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मी मेंटेनन्स बघतो. आता मिलमिलमध्ये कलर सॉर्टर आलेत. डागी दाणा दिसला की इजेक्टर हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतो. हवा कमी पडली की डागी दाणा चांगल्या डाळीत जातो आणि खापर कॉम्प्रेसरवर फुटतं. म्हणून हल्ली शेठ लोक लाइनवर फ्लो मीटर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणारा मीटर, बसवून घेतात. बसवावाच. पण विकणारे तो कॉम्प्रेसरला जुळवून देत नाहीत, त्यासाठी हे पत्र.

शेजारच्या मिलमध्ये ५ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, नेमप्लेटवर २० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २० घनफूट हवा. नवा मीटर बसवला तर तो ६ दाखवायला लागला. शेठ तापले, "वीसचा सांगून सहाचा गळ्यात मारला!" मशीन परत करण्यापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा मला बोलावणं आलं.

मी आधी मीटरकडे बघितलंच नाही. टाकीतलं पाणी सोडलं, टाकी शून्यावर आणली, पुढचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मोबाइलवर वेळ लावली. २५० लिटरची टाकी ७ किलो प्रेशरपर्यंत (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला) भरायला ४ मिनिटं लागली. २५० गुणिले ७, म्हणजे १७५० लिटर मोकळी, वातावरणाच्या दाबाची हवा. मिनिटाला ४३७ लिटर, त्याला २८.३ ने (एका घनफुटाचे लिटर) भागलं की १५.४ सीएफएम. भरताना टाकीतली हवा तापते, त्यापोटी सहा टक्के सोडले तरी साडेचौदा उरतात. नेमप्लेटवरचे २० म्हणजे पिस्टन जेवढी जागा रिकामी करतो तेवढं आकारमान. प्रत्यक्ष मिळणारी हवा, ज्याला फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात, ती त्याहून कमीच असते. विकणारा हे आपणहून सांगत नाही, तो भाग वेगळा.

मग मीटर खोटा का? हा मीटर म्हणजे स्केल आखलेली पारदर्शक नळी, आतला फ्लोट हवेच्या जोराने वर उचलला जातो आणि तो थांबेल तो आकडा वाचायचा. त्या नळीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, १.०१३ बार, २० अंश. म्हणजे स्केल मोकळ्या हवेसाठी आखलेलं. आणि मीटर बसवला ६ किलोच्या लाइनवर, व्हॉल्व्ह मीटरच्या पुढे. नळीत हवा प्रेसमधल्या रुईच्या गाठीसारखी दाबलेली. वातावरणाचा एक मिळवला की सातपट दाट. दाट हवा फ्लोटला कमी आकारमानातच उचलते, म्हणून आकड्याला सातच्या वर्गमुळाने, म्हणजे २.६५ ने गुणावं लागतं. ६ चे झाले जवळपास १६. हवा ४० अंशांची होती, तो फरक धरला की १५.४. टाकीच्या साडेचौदाशी जवळपास जुळलं.

यात एक मेख आहे. टाकीनंतरचा मीटर दाखवतो तो खप, कॉम्प्रेसरची पैदास नव्हे. व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत टाकीचं प्रेशर ६ वर स्थिर केलं, काटा ना चढतो ना उतरतो, तेव्हाच दोन्ही सारखे होतात. आम्ही तसंच केलं. कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये मीटर लावायचा कुणी सल्ला दिला तर ऐकू नये. पिस्टनच्या धक्क्यांनी फ्लोट नाचत राहतो आणि गरम तेलकट हवेने पारदर्शक नळी तडकायची भीती. टाकी, फिल्टर आणि मग मीटर. तोही उभा, हवा खालून वर.

"मोठाच मीटर घ्या, पुढे कामाला येईल" हे दुकानातलं आवडतं वाक्य. या मिललाही ० ते ५० चा दिला होता. अशा मीटरची चूक पूर्ण स्केलवर मोजतात. ५ टक्के म्हटलं तर अडीच सीएफएम. फ्लोट ६ वर असताना अडीचची चूक म्हणजे मीटर नसलेला बरा! ६ किलोसाठी आखलेला ० ते २५ चा घेतला असता तर फ्लोट मधल्या पट्ट्यात राहिला असता आणि गुणाकारही लागला नसता.

विक्रेत्यांकडे मागणी एवढीच, की कोटेशनवर कॉम्प्रेसरची फ्री एअर डिलिव्हरी कोणत्या प्रेशरला आहे ते लिहा, आणि मीटरचं स्केल कोणत्या प्रेशरला व तापमानाला आखलंय तेही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. २० अंशांच्या हिशेबाने ती हवा आठ टक्के विरळ. कॉम्प्रेसर पत्र्याच्या शेडखाली भट्टीजवळ ठेवला की आणखी विरळ. इथे विकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं.

ज्यांनी मोकळ्या हवेच्या स्केलचा मीटर घेऊन टाकलाय, त्यांनी तो फेकू नये. ४ किलोला २.२४, ५ ला २.४५, ६ ला २.६५, ७ ला २.८३, हे आकडे कागदावर लिहून मीटरशेजारी चिकटवावेत आणि ऑपरेटरला गुणाकार करून वहीत लिहायला सांगावं.

आपला,
डाळमिलमधला एक फिटर, जळगाव