चष्म्याचा नंबर तीनदा बदलला

महोदय,

आमच्या आईचा चष्मा वर्षात तीनदा बदलला. सकाळी डोके ठणकायचे, उलटी व्हायची. पित्त समजून आम्ही कोकमाचे सरबत पाजत राहिलो. चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीच्या कडेची तोरिंगे (पपनसे) तिला दिसेनात, तेव्हा कुठे एमआरआय झाला. निघाला मेनिंजिओमा. ही गाठ मेंदूच्या आवरणाची. बहुतेकदा कर्करोगाची नसते, सावकाश वाढते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) कवटी उघडून ती काढली. डोकेदुखी थांबली, पण दृष्टीची नस फार दिवस दबलेली, त्यामुळे नजर पूर्ण परतली नाही. कडेची नजर तपासायला एक डोळा झाकून बाजूला धरलेली बोटे मोजायला लावणे चष्म्याच्या दुकानातही मिनिटभराचे काम आहे. नंबर वारंवार बदलणाऱ्यांचे तेवढे तरी करावे.

एक वाचक, पेडणे