फुकट सोलारचा करार आणि त्यातला बारीक टाइप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘एक रुपया न भरता छतावर सोलार’ ही जाहिरात थाप नाही. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घरमालकाने संच विकत घेतला तर 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते, उरलेले खिशातून किंवा कर्जातून. दुसरी सोय अशी की संच कंपनीचा, छत आपले. किमान 5 वर्षे फक्त युनिटचे पैसे द्यायचे, मग संच आपल्या मालकीचा.

मराठवाड्यात ही दुसरी सोय आम्हाला बरी वाटते. विकलेल्या संचाची 5 वर्षे देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे खरी, पण पैसे हाती पडल्यावर फोन उचलला जाईलच असे नाही. ज्याची कमाई युनिटवर, तो पॅनलवर धूळ साचू देणार नाही.

करारात मात्र ‘मानीव निर्मिती’ (न झालेली वीज झाली असे धरणे) हा शब्द आधी शोधा. लाइन गेली की बॅटरीविना इन्व्हर्टर बंद पडतो, नाहीतर छतावरची वीज उलटी लाइनीत जाऊन खांबावरच्या लाइनमनला झटका बसेल. 3 किलोवॅटचा संच दिवसाला साधारण 12 युनिट देतो. भरदुपारी तीन तास वीज गेली तर पाच-सहा युनिट बुडाले. हे कलम असेल तर न झालेल्या युनिटचेही बिल येते. ते काढून घ्या, निदान तासांची मर्यादा घाला.

पॅनल कोण धुणार आणि कुठल्या पाण्याने, हेही लिहून घ्या. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने काचेवर पांढरा थर बसतो, तो पुसून जात नाही. (मे महिन्यात निर्मिती घटली तर सगळा दोष धुळीचा नसतो, पॅनल 25 अंशांच्या वर तापले की दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज कमी होते.)

पत्र्याच्या घरात स्क्रू पन्हाळीत नको, उंचवट्यावर हवा, खाली रबरी वॉशर, आणि टोक आतल्या लोखंडी पाइपात रुतलेले. नाहीतर पहिल्याच पावसात घर गळते. गळतीची जबाबदारी कोणाची, तेही करारात हवे. माळवद वजन पेलेल का, हे अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊच नये.

महिन्याला 80 युनिट लागणाऱ्या घराने कंपनीचा दर महावितरणच्या पहिल्या 100 युनिटांच्या स्वस्त टप्प्याशी ताडून पाहावा, वरच्या टप्प्याशी नव्हे. मीटरचा स्थिर आकार तर सोलार आला तरी चालूच राहतो. आणि कंपनीचा दर अनुदान धरून किती, न धरता किती, हे दोन्ही आकडे सहीआधी लेखी मागावेत.

आपले,
घरगुती सौर जोडणी-दुरुस्तीत काम करणारे काही वाचक, परभणी