१६९.२५४ म्हणजे बिघाड नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर एका वाचकाने विचारलं होतं, की घरातल्या वायफायवर लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरची यंत्राची आकड्यांतली ओळख) एकाएकी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतोय आणि इंटरनेट बंद आहे, तर काय करावं? ‘नेटवर्क कार्ड (लॅपटॉपला वायफायशी जोडणारा भाग) खराब झालं असावं, मेकॅनिकला दाखवा’ असं उत्तर छापून आलं. मी चिपळूणला १९ वर्षं कॉम्प्युटर आणि नेटवर्क दुरुस्तीचं काम करते. हे उत्तर चुकीचं आहे आणि त्याचा भुर्दंड साध्या माणसांना पडतो, म्हणून हे पत्र.

आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या लॅपटॉपवर हाच आकडा आला. बाहेरून आलेल्या एका दुरुस्तीवाल्याने ‘कार्ड गेलं’ म्हणून १४०० रुपयांचं नवं कार्ड बसवलं. आकडा तोच राहिला. मग त्या माझ्याकडे आल्या. जुनं कार्ड त्यांनी बिलासकट पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवलं होतं. मी राउटरची पिन काढली, मिनिटभराने परत लावली. लॅपटॉपला १९२.१६८ चा नेहमीचा पत्ता मिळाला. जुनं कार्ड परत बसवलं, तेही ठणठणीत. बाईंचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. पैशांपेक्षाही आपल्याला यातलं काही कळत नाही, ही भावना त्यांना लागली होती.

आता हा आकडा येतो कुठून? एरवी पत्ते वाटायचं काम राउटर करतो, आरक्षणाच्या एसटीत सीट नंबर आधीच ठरलेला असतो तसं. राउटरचं ते काम बंद पडलं की लॅपटॉप थोडा वेळ वाट बघतो आणि मग स्वतःच जागा शोधतो. १६९.२५४ च्या आळीत यासाठी ६५,०२४ पत्ते मोकळे ठेवलेले आहेत. त्यातला एक तो उचलतो आणि नेटवर्कवर सगळ्यांना विचारतो, ‘हा कोणाचा आहे का?’ एकदा नाही, तीनदा विचारतो, मध्ये सेकंद-दोन सेकंद थांबून. कोणी ‘माझा’ म्हणालं तर दुसरा उचलतो. कोणीच बोललं नाही तर ‘हा आता माझा’ असं दोनदा जाहीर करतो आणि कामाला लागतो. बिनआरक्षणाच्या गाडीत चढल्यावर ‘इथं कोणी बसलंय का?’ असं विचारूनच आपण टेकतो ना, तसंच. वायफायवर तर तीनदा विचारण्याला फार अर्थ आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारा रेडिओ, सगळ्यांसाठी म्हणून जी हाक हवेत सोडतो तिला पोचपावती नसते, एखादी वाटेत विरून जाऊ शकते.

याची रीतसर नियमावली मे २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅपलचे स्टुअर्ट चेशायर, मायक्रोसॉफ्टचे बर्नार्ड अबोबा आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे एरिक गुटमन अशा तिघांनी ती लिहिली. एरवी एकमेकांच्या स्पर्धेतल्या कंपन्यांची ही माणसं. त्यांनी हिशेबही मांडून ठेवलाय. एका नेटवर्कवर आधीच १३०० यंत्रं असली, तरी नव्याने आलेल्याला पहिल्याच फटक्यात मोकळा पत्ता मिळण्याची शक्यता ९८ टक्के. विंडोज ९८ मध्ये ही सोय त्याही आधीपासून होती.

म्हणजे हा आकडा दिसला, तर कार्ड जिवंत आहे आणि अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडलं गेलंय, असंच बहुतेक वेळा समजावं. दोष शोधायचा तो राउटरकडे.

या सोयीचं मोल मला २०२१ च्या पुरात कळलं. २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात शिरलं. माझ्या एका गिऱ्हाईक डॉक्टरांचा राउटर तळमजल्यावर होता, तो चिखलात गेला. वरच्या मजल्यावर दवाखाना, तिथे लॅपटॉप, प्रिंटर आणि छताला लावलेला जुना अ‍ॅक्सेस पॉइंट. हा नुसता रेडिओ, पत्ते वाटत नाही. मोबाइलला रेंज नव्हती. उधारीवर जनरेटर मिळाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘ताई, लेप्टोच्या गोळ्या कशा घ्यायच्या, पाणी कसं उकळायचं, याचे कागद छापून वाटायचेत, काही होईल का?’ मी प्रिंटरचं माहितीचं पान काढलं. त्यावर १६९.२५४.१८.७२. लॅपटॉप बघितला, तर १६९.२५४.२०३.४१. दोघांनी आपापले पत्ते घेऊन ठेवले होते. प्रिंटर लॅपटॉपमध्ये जुन्या पत्त्यावर नोंदलेला होता, म्हणून ती नोंद काढून नव्याने शोधायला लावला, एवढंच. छपाई सुरू झाली. इंटरनेट नाही, राउटर नाही, तरी ओल्या भिंतींच्या त्या खोलीत एकामागून एक कागद बाहेर येत होते. मी आजवर केलेल्या कामातलं हे मला सगळ्यात जवळचं.

हा पत्ता घेऊन इंटरनेटवर मात्र जाता येत नाही. राउटरने असे पत्ते पुढे पाठवायचेच नाहीत, असा नियम आहे. ते एका खोलीतल्या, एका इमारतीतल्या यंत्रांनी आपसात बोलण्यापुरते. काही वायफायवर, विशेषतः पाहुण्यांसाठीच्या, यंत्रांना एकमेकांशी बोलायलाच बंदी असते, तिथेही उपयोग नाही. आणि एक खंत आहे. आयफोन असा पत्ता घेतो, पण माझ्याकडे येणारे अँड्रॉइड फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ म्हणत राहतात आणि शेवटी वायफाय सोडून देतात. आमच्याकडे बहुतेकांच्या हातात तेच फोन आहेत. पुराच्या गावात रेंज गेल्यावर एकमेकांना फोटो, याद्या पाठवता आल्या असत्या, ते यामुळे अडतं. फोन बनवणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याला विनंती अशी, की त्या उत्तराची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी. ‘आधी राउटर बंद करून चालू करा, आणखी कोणाच्या यंत्रावर हाच आकडा येतोय का ते बघा, कार्डाला शेवटी हात लावा’, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये यावर एक तास ठेवता येईल. त्याला लागतात दोन लॅपटॉप आणि एक जुना अ‍ॅक्सेस पॉइंट. माझ्याकडचा मी द्यायला तयार आहे, रविवारी स्वतः येऊन दाखवीनही.

आपली,
एक वाचक, चिपळूण